गोठ्यातून आलेला फोन

दवाखान्यात केसपेपर काढताना खिडकीतली बाई दरवेळी एकच विचारायची, "सोबत बाई माणूस कोण?"

मी सांगायचे, "माय येणार आहे."

"येणार आहे ते ऐकलं मागच्या वेळी. आज कोण आहे?"

आज कोणी नसायचं. हे मला गेटापाशी उतरवून पुढं कामावर निघून गेलेले असायचे. हे ट्रेलर चालवतात. जासईच्या यार्डात कंटेनर चढवायचा आणि सांगतील त्या गावाला नेऊन टाकायचा. एकदा गेले की कधी येतील ते त्यांनाही ठाऊक नसतं. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या. माझं माहेर वाशिमकडं, रात्रभराचा प्रवास आणि वर पुन्हा दुसरी गाडी. पनवेलला आमचं म्हणून कोणी नाही. सुकापूरला एका घराच्या वरच्या मजल्यावर आमची एक खोली आहे, खाली घरमालकीण मावशी राहतात, एवढंच.

बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना बायका असायच्या. कोणाची आई, कोणाची सासू, कोणाची मोठी जाऊ. पिशवीतून डबे निघायचे. एक म्हणायची खा, दुसरी म्हणायची नको आता, सुई घ्यायची आहे. मी त्यांच्याकडं बघत बसायचे, आणि नंबर पुकारला की एकटीच उठून आत जायचे. आठवीनंतर माझी शाळा सुटली, पण भिंतीवरच्या पाट्या बसून बसून इतक्या वेळा वाचल्या की पाठ झाल्या.

माय येणार होती हे मात्र खरं होतं. ती आधीच का आली नाही, आणि मी तिच्याकडं का गेले नाही, ते सांगायला पाहिजे.

आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि दुसरं सासरी. आता माझं पहिलं आणि माझ्या वहिनीचं दुसरं, दोन्ही एकदमच आलं. म्हणजे रीतीनं दोघींची जागा एकच, मायचं घर. आणि एका घरात दोन बाळंतिणी ठेवत नाहीत. ठेवायचं तर सोडाच, सव्वा महिना दोघींनी एकमेकींचं तोंडसुद्धा बघायचं नाही. बघितलं तर एकीचं दूध दुसरीला जातं म्हणतात. मायनं लहानपणी असं एक घर डोळ्यांनी पाहिलं होतं, त्या घरातलं एक लेकरू राहिलं नाही. त्यामुळं तिच्यापुढं या विषयावर कोणी बोलत नसे.

वहिनीचे दिवस माझ्या आधी भरत होते. मायनं फोनवर सगळं बसवून टाकलं, "तिचा सव्वा महिना झाला का मी निघतोच. तुले अजून टाइम हाये. काळजी करू नको वं."

मी काळजी करणारीच आहे. पण मायनं सांगितलं की ते खरं, असं मी धरून चालले.

ते महिने तसे बरे गेले. वाईट काहीच झालं नाही, एवढंच म्हणेन. खोलीच्या तीन बाजूंनी इमारती उठत होत्या, दिवसभर ठोकाठोक, त्यामुळं निदान शांतता नव्हती. मावशी गच्चीवर बोंबील वाळत घालायच्या आणि तो वास माझ्या खिडकीतून आत आला की मी मोरीकडं पळायचे. मावशी इथल्याच. त्यांची पूर्वी भातशेती होती, आता तिथंच घरं आहेत. बोलायला फटकळ.

"मासं खात नाय, मंग पोराला डोकं कवा येनार?" त्या जिन्यातून ओरडायच्या.

"मावशी, आमच्याकडं सगळे बिनमाशाचेच वाढलेत."

"म्हनून तर इचारते!"

मग तांदळाची भाकरी आणून द्यायच्या, गरम. मला डोहाळे लागले होते ते ज्वारीच्या भाकरीचे आणि अंबाडीच्या भाजीचे. ह्यांनी पनवेलच्या बाजारातून अंबाडी आणली, पीठ आणलं. मी भाजी केली, भाकर थापली, ताटात वाढून घेतली आणि खाल्ली. छान झाली होती. पण आपणच करून आपणच खाल्लं की डोहाळा काही फिटत नाही.

सातव्या महिन्यात मायनं गावातल्या एका माणसाबरोबर हिरवी साडी पाठवली. ती घडी मी तशीच ट्रंकेत ठेवली होती. मावशींना कळल्यावर त्या चिडल्याच. "सातवा गेला ना वटी कोनी भरली नाय? आमी काय मेलो काय?" दुपारी शेजारच्या बायकांना गोळा करून त्यांनी माझी ओटी भरली. त्या बायकांची गाणी मला येत नव्हती. मी पाटावर बसून नुसती हसत होते आणि साडीचा काठ हातात धरून ठेवला होता.

वहिनीला मुलगा झाला. माय खूश होती. वहिनीचं न्हाऊमाखू, शेक-शेगडी सुरू झाली आणि मी इकडं सव्वा महिना मोजायला लागले. पण माझ्या पोरीला धीर नव्हता. दिवस भरायच्या आधीच एका दुपारी भांडी घासताना पायावरून पाणी गेलं. ह्यांना फोन केला तर ते पळस्प्याला गाड्यांच्या रांगेत अडकलेले. मावशींनीच रिक्षा थांबवली आणि चपला न घालता माझ्याबरोबर बसल्या.

खिडकीतली बाई म्हणाली, "सोबत बाई माणूस कोण?"

"मी हाय ना. दिसत नाय काय तुमाला?"

"नातं काय?"

मावशींनी माझ्याकडं एकदा बघितलं. "आय लिवा," त्या म्हणाल्या.

आत गेल्यावर मी "माय, माय" करून ओरडत होते, तेव्हा सिस्टर सारखी समजावत होती, "आई बाहेरच बसलीये तुझी, कुठं जात नाही ती. जोर लाव." आणि बाहेर मावशी वॉचमनशी पंख्यावरून भांडत बसल्या होत्या. मला ते आतपर्यंत ऐकू येत होतं. त्यांचं ते भांडण ऐकत ऐकतच माझी मुलगी झाली. लहानशी. सिस्टरनं ती माझ्या छातीवर ठेवली तेव्हा ती रडली नाही, डोळे किलकिले करून बघत राहिली.

हे संध्याकाळी आले. त्यांनी नळावर हात धुतले, डिझेलचा वास गेला का ते हुंगून बघितलं, परत धुतले, आणि मगच तिला घेतलं. पण वॉर्डात पुरुषांना थांबू देत नाहीत. मावशींनाही थांबता येणार नव्हतं. त्यांच्या पुतण्याचं लग्न जवळ आलं होतं, घर पाहुण्यांनी भरणार होतं. "घरान हलद हाय गो, नायतर मी हलले नसते," त्या म्हणाल्या. डब्यातून पेज आणून द्यायच्या आणि पळायच्या.

मी मायला फोन लावला. ती रडली, हसली, पोरगी कोणासारखी आहे ते विचारलं. मग तिचा आवाज बारीक झाला.

"तिथं दुसऱ्या बाळंतिणी हायेत का वं?"

"माय, दवाखाना आहे हा. सात जणी आहेत."

तिनं सात हा आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाली, "तोंड भिंतीकडे करून निज. काही आडोसा कर. कोणाकडे पाहू नको, ऐकतेस नं?"

आणि तिनं दुसरं सांगितलं ते असं की, ती आता येऊ शकत नव्हती. एका बाळंतिणीची सेवा करणारं माणूस सव्वा महिना दुसऱ्या बाळंतिणीकडं जात नाही. त्यानंही तेच होतं. लांबूनच सगळं सांगेन म्हणाली.

मी हिरवी साडी पिशवीतून काढली आणि माझ्या व शेजारच्या खाटेच्या मध्ये बांधली. एक टोक सलाईनच्या दांड्याला, एक खिडकीच्या गजाला. शेजारी तळोज्याकडची एक मुलगी होती, तिचंही पहिलंच. तिला दूध भरपूर. तिचं बाळ प्यायचं तेव्हा गटगट आवाज यायचा, आणि मी साडीच्या अलीकडं भिंतीकडं तोंड करून तो ऐकायचे. माझी पोरगी तोंड लावायची, जरा चाटल्यासारखं करायची आणि झोपायची.

"ए बहन," पलीकडून आवाज आला, "मी काय तुझं पोर खाते का? पंख्याची हवा तरी येऊ दे की इकडं."

मी भिंतीकडंच बघत राहिले. काय सांगणार? तुझ्याकडं बघितलं तर माझं दूध जाईल, असं तोंडावर म्हणता येतं का?

सकाळच्या सिस्टरनं बघताक्षणी साडी ओढून काढली. "हा काय धोबीघाट आहे? गरमीत कोंडून घालताय पोरीला!" मी साडी गोळा करून उशाला घेतली आणि मग नुसतीच डोळे मिटून पडून राहिले. शेजारची तिच्या अम्मीला सांगत होती, "शरमाते बिचारी. सोबत कोणी नाही ना तिच्या."

घरी आल्यावर हे दोन दिवस थांबले, मग गाडी आली, गेले. जाताना पाण्याचे हंडे भरून ठेवले, दाराची कडी दोनदा हलवून बघितली. मावशी सुरुवातीला येऊन पोरीला न्हाऊ घालायच्या. पाटावर बसून पाय लांब करायच्या, पायांवर पोरीला पालथी घालायच्या आणि तांब्यानं पाणी सोडायच्या. मी बघत उभी राहायचे. मग हळदीची गडबड वाढली आणि त्यांचं येणं बंद झालं. एकटीनं न्हाऊ घालायची मला छाती होईना. ओलं, तेलानं निसटणारं एवढंसं अंग, हातातून घसरलं तर? मी ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचे.

मायचा फोन रोज दुपारी यायचा. व्हिडिओवर. पण ती गोठ्यात जाऊन लावायची. घरात वहिनी, बाळंतीण. तिचं तोंड चुकून मला दिसलं, माझं तिला दिसलं, तर? म्हणून माय गोठ्यात दावणीच्या दगडावर बसायची. फोन तिला नीट धरता येत नाही, अर्धं कपाळ आणि मागं रवंथ करणारी म्हैस एवढंच दिसायचं. मला घर बघावंसं वाटायचं. चुलीपाशी आता काय आहे, पाळणा कुठं बांधला, वहिनीचं बाळ कसं आहे. रोज म्हैस दिसायची. ती माझ्याकडं बघायची आणि कान हलवायची.

"पाणी जास्त पिऊ नको," माय सांगायची. "घोटघोट. पोट सुटते. लेकराले सर्दी होते. डोक्याले बांधून ठेव. खिडकी उघडू नको."

वैशाख होता. पनवेलचा वैशाख आमच्याकडच्यासारखा कोरडा नसतो, इथं अंगातून पाण्याच्या धारा लागतात आणि वाळत नाहीत. मी कानाला स्कार्फ बांधून, खिडकी लावून, ओठ ओले करण्यापुरतं पाणी पिऊन बसायचे. तहानेनं जीभ टाळूला चिकटायची. पण माय माझ्याजवळ नव्हती, तिचं सांगणं तेवढं होतं. तेसुद्धा मोडलं तर माझ्याकडं काय उरलं, असं वाटायचं.

पोरगी रडायची. मग रडायचीही कमी झाली, नुसती झोपून राहायची. मला आधी वाटलं गुणाची आहे.

दवाखान्यात दाखवायला नेली तेव्हा डॉक्टरबाईंनी तिला काट्यावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

"दूध पिते का नीट?"

"पिते थोडं थोडं."

"वजन उतरलंय. सुरुवातीला थोडं उतरतं, पण हे जास्त आहे. दर दोन-तीन तासांनी उठवून पाजा. सोमवारी आणा. वाढलं नसेल तर हिला आत ठेवून घ्यावी लागेल."

"मला पण?"

"आत बाळ. तुम्ही बाहेर. आणि सोबत कोणीतरी आणा हो, एकट्या किती धावपळ करणार तुम्ही?"

रिक्षात मी पोरीला इतकी घट्ट धरून बसले की रिक्षावाला म्हणाला, ताई, हळू चालवतो, घाबरू नका. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. काचेच्या पलीकडं ती आणि अलीकडं मी. तिला तर अजून माझ्याशिवाय कोणी माहीत नाही.

दुपारी मायला सांगितलं. गोठ्यात ती कपाळाला हात लावून बसली. "त्या वॉर्डातलंच हे," ती म्हणाली. "सात जणींची नजर. कोणाकडे पाह्यलंस का तू?" मी म्हटलं, साडी ओढली तेव्हा नजर गेली एकदा. ती काही बोलली नाही, आणि तिचं ते न बोलणं मला डॉक्टरबाईंच्या बोलण्यापेक्षा जड गेलं. म्हणजे माझ्यामुळंच, असं मी धरलं. माझं दूध तळोज्याला गेलं.

दुसऱ्या दिवशी खाली हळदीचा मांडव पडला. सकाळीच त्यांनी डीजे लावून बघितला. खिडकीच्या काचा थरथरल्या, फळीवरचे डबे वाजले. पोरगी दचकून उठली, तोंड लावलं, सोडलं, रडली, पुन्हा लावलं, पुन्हा सोडलं. तिच्याबरोबर मीही रडायला लागले, अगदी मोठ्यानं, कारण त्या आवाजात कोणाला ऐकू जाणार नव्हतं. तेवढ्यात फोनवर उजेड पडला. मायचा नंबर. मायची वेळ नव्हती ती.

"ताई," पलीकडून वहिनीचा आवाज. "मी आहो. किती मोठ्यानं वाजते तुमच्याकडे!"

डीजे तेवढ्यात थांबला आणि मला तिचा श्वाससुद्धा ऐकू यायला लागला.

"आत्याबाई वावरात गेल्या. फोन घरीच ठेवून जातात." आत्याबाई म्हणजे माझी माय. "ताई, मी क्यामेरा चालू करू का?"

"वहिनी, अगं नको! सव्वा महिना…"

"मले माहीत हाये सव्वा महिना. पण गोठा आणि न्हाणीची भिंत एकच हाये, ताई. तुमचं मायलेकीचं बोलणं मले रोज ऐकू येते. कालचंही आलं. तुमची पोरगी उपाशी राहून माह्यं दूध टिकत असंल, तं मले ते दूध नाही पायजे."

पोरगी मांडीत कुरकुरत होती. मीच कॅमेरा चालू केला.

वहिनी दिसली. डोक्याला फडकं गुंडाळलेलं, कान झाकलेले, चेहरा सुकलेला. मी पण तशीच. आम्ही एकमेकींकडं बघितलं आणि ती फिसकन हसली. "दोघी बी डाकू दिसतो."

मी किती दिवसांनी हसले त्या दिवशी.

"आता फोन कशाले तरी टेकवा आणि पोरीले घ्या. मले दाखवा कशी घेता."

तुरीच्या डाळीच्या डब्याला फोन टेकवला. पोरीला घेतलं.

"हां, तेच तं. तुम्ही तिची मानच वळवता. मान वळवून पाणी पिऊन पाहा बरं तुम्ही, उतरते का घशात? पूरं आंग तुमच्याकडे फिरवा. पोटाले पोट. आता थांबा. घाई नका करू. ओठाले लावून वाट पाहा. आऽ करू द्या. अजून. आता!"

पोरीनं धरलं. दुखलं, म्हणून मी ओरडले.

"दुखते सुरुवातीले. सोडवू नका. मोठ्याच्या वेळेस मले बी असंच झालं होतं, माह्या मायनं शिकवलं." मग तिनं इकडं तिकडं बघितलं. "पाणी कुठाय तुमच्याजवळ?"

"माय म्हणाली पाणी कमी…"

"मलेही म्हणतात. म्हणून तं मी न्हाणीत जातो. तांब्याभर पितो आणि येतो. नाहीतर इतक्या वेळा न्हाणीत जाऊन मी काय करतो, सांगा?"

मी पोरीला न हलवता हात लांब करून तांब्या ओढला. पाणी कोमट झालेलं होतं. मी ते सगळं प्यायले, आणि ते पोटात जाताना मला कळत होतं. वहिनीनं तिचं पोरगं घेतलं. आम्ही दोघी समोरासमोर बसून पाजत होतो, मधे डाळीचा डबा आणि सगळा महाराष्ट्र.

"बरं हाये तुमचं, वहिनी," मी म्हटलं. "माय जवळ आहे तुमच्या."

"आत्याबाई सगळं करतात. काही कमी नाही. पण मन तुमच्याकडे हाये त्यांचं. न्हाऊ घालताना माह्या पोराले म्हणतात, झालं बाई, झालं माह्ये बाई." ती पोराच्या डोक्यावरून हात फिरवत होती. "मी काही म्हणत नाही. माह्यी माय बी चार गावं सोडून हायेच की."

त्यानंतर रोज माय वावरात गेली की वहिनी फोन लावायची. पोरगी आता धरायची, आणि एकदा मलाही तो आवाज ऐकू आला, गटगट. बारीक, पण आला. तरी मी सोमवारला घाबरतच होते. आणि आता भीती दोन प्रकारची होती. वजन वाढलं नाही तर पोरगी काचेआड जाणार. आणि वहिनीचं दूध कमी झालं, तर तेही माझ्यामुळंच.

रविवारी माय विळा विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आली.

मला आधी तिची सावली दिसली, वहिनीच्या मागं दारात. मग तिचा आवाज, "कोणाशी बोलतेस वं?" वहिनीचा हात हलला आणि फोन उताणा पडला. मला फक्त छताचे पत्रे दिसत होते आणि वाशाला टांगलेलं शिंकं. किती दिवसांनी माझं घर दिसत होतं, आणि ते असं.

"पाह्यलं तुम्ही एकमेकीले?"

"हो, आत्याबाई."

"किती दिवस?"

फोन बंद झाला. मी लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. दुपारी नेहमीप्रमाणे गोठ्यातूनही आला नाही.

सोमवारी हे नाशिकच्या वाटेवर होते. मी पोरीला हिरव्या साडीच्या मऊ पदरात गुंडाळलं आणि एकटीच गेले. बाकावर जागा शोधत होते तर कोणीतरी पिशवी उचलून म्हणालं, "इकडं बस." तळोज्याची ती. तिचं बाळ अम्मीच्या खांद्यावर झोपलं होतं.

"आज चादर नाही आणली?" ती म्हणाली. मग पदराकडं लक्ष गेलं. "अरे, आणलीस की!"

तिच्याकडं मी पहिल्यांदाच नीट बघितलं. गोल चेहरा, कपाळावर घामोळं. माझ्याएवढीच असेल. मी तिच्या बाळाचं नाक बघितलं, तिनं माझ्या पोरीचे पाय. "नंबर येईपर्यंत पाज ना," ती म्हणाली, आणि स्वतःच ओढणी धरून माझ्यापुढं आडोसा केला.

डॉक्टरबाईंनी पोरीला काट्यावर ठेवलं. काटा हलत होता. माझी नजर काट्यावर नव्हती, बाईंच्या तोंडाकडं होती.

"वाढलंय," त्या म्हणाल्या. "थोडंच, पण वाढलंय. असंच चालू ठेवा. काय केलंत?"

"वहिनीनं शिकवलं."

"मग आज सोबत का नाही आणलंत वहिनीला?"

मी नुसती हसले. बाहेर येऊन कूलरचं गार पाणी प्यायले, एक ग्लास, आणखी एक. मग जिन्याखालच्या कोपऱ्यात उभं राहून मायला फोन लावला. या वेळी तिनं उचलला. साधाच फोन, चेहरा नाही.

"माय, वाढलं वजन."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"वहिनीचं कसं आहे?" मी विचारलं. "दूध?"

"तिच्या पोराचे गाल पाह्य एकदा येऊन," माय म्हणाली. "फुगून बसलं." मग म्हणाली, "मी काल दिवसभर दोघींच्या नावानं देवापुढे बसलो. तिले जेवाले बी उशिरा वाढलं मी. ती तोंडानं काही बोलली नाही."

"माय, पाणी देत जा तिला."

"देतो." मग तिचा आवाज नेहमीसारखा झाला. "मले येता येणार नाही पण अजून. इथं तिले कोण हाये?"

"नको येऊस," मी म्हटलं. मला ती यायला हवी होती. "सव्वा महिना होऊ दे."

"पोरीले न्हाऊ घातलं का?"

"पुसून काढते."

"पुसून?" मायचा आवाज एकदम चढला. "एवढे दिवस नुसतं पुसून? उद्या सकाळी फोन लाव मले. न्हाऊ घालायच्या टायमाले. घरातच उचलीन, गोठ्यात नाही."

सकाळी मी मोरीत पाट मांडला. बादली, तांब्या, तेलाची वाटी. फोन खिडकीच्या कट्ट्यावर साबणाच्या डबीला टेकवून ठेवला. समोर न्हाणी दिसत होती, आमची, दगडाची, लहानपणी माझा पाय जिथं घसरायचा ती. माय पाटावर बसली होती, पाय लांब केलेले, पायांवर वहिनीचं पोरगं. वहिनी कडेला पाणी घेऊन उभी. तिच्या हातात भरलेला तांब्या होता आणि मधेच ती त्यातला एक घोट प्यायली, मायच्या डोळ्यांदेखत. मायनं ते बघितलं आणि पायांवरचं पोरगं सरळ केलं.

मी पाय लांब केले. पोरीला पायांवर घेतलं. तेल लावलेलं तिचं अंग हातात ठरत नव्हतं. खाली मावशींच्या अंगणात मांडव सोडत होते, बांबू आपटत होते. घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

"मानेखाली पंजा ठेव," माय म्हणाली. कोणाला म्हणाली कळलं नाही, तिची नजर खाली होती. "असा. पूरा. आता हळूहळू सोड. आधी पाठ. डोकं मागून." तिनं पाणी सोडलं. मी सोडलं. दोन्ही पोरं एकदम रडली.

"जास्त गरम तं नाही नं?" मायनं विचारलं.

तिकडं वहिनीनं बादलीत हात घातला. इकडं मी घातला.

"नाही," आम्ही दोघी म्हणालो.

"झालं बाई," माय म्हणत होती, "झालं माह्ये बाई, झालं."